शालूताईंचं डावं बोट

ऑगस्टची बावीस तारीख. सकाळी मी जैनाबादला आमच्या वेफर्सच्या शेडमध्ये होते. कच्च्या केळीची गाडी येऊन पडली होती आणि सोलणाऱ्या बायकांपैकी दोघी आल्या नव्हत्या, म्हणून मीच सुरी घेऊन बसले होते. सोललेली केळी लगेच हळद-मिठाच्या पाण्यात टाकायची, नाहीतर ती काळी पडतात. आपले हात मात्र काळे पडतातच, केळीचा चीक साबणानेसुद्धा जात नाही. फोन वाजला तो भाऊजींचा, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांचा. ते कधी सकाळी फोन करत नाहीत. म्हणाले, "सुनंदा, शालू पडली." मी विचारलं, "कुठे? जिन्यात?" तर म्हणाले, "नाही गं, बसल्या जागी पडली. वाडग्यांसमोर." आणि फोन बंद झाला.

शालूताई माझ्या थोरल्या जाऊबाई. बुऱ्हानपुरात शनवाऱ्यातल्या आमच्या घरात खाली आम्ही आणि वर ते दोघं, असं आमचं पुष्कळ वर्षं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. वय काही जाण्याचं नव्हतं, आजार असा नव्हता, पडण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून वाटीभर बेसन नेलं होतं. आता इतके आठवडे झाले तरी मला हे नीट समजलेलं नाही. मी रडणारी बाई नाही, आणि हे रडण्यासाठी लिहीतही नाही. पण त्या दीड दिवसात जे झालं ते सरळ लिहून काढावं असं वाटतं, कारण आमच्या घरात एकच प्रश्न राहिला आहे आणि तो भाऊजी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत असतात. ती ऐकत होती का?

हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या घरात इतका अवघड झाला नसता. शालूताई दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या होत्या.

जन्मापासून नव्हे. त्या वाढल्या कागद कारखान्याच्या कॉलनीत. वडील भुसावळकडचे, तिथे नोकरीला आलेले, आणि जलतरंग वाजवायचे. चिनी मातीचे वाडगे अर्धगोल मांडायचे, प्रत्येकात पाणी कमीजास्त, आणि बांबूच्या दोन काड्यांनी कडेवर वाजवायचं. पाणी जास्त तर आवाज खालचा, कमी तर वरचा. वडिलांनी हे वाडगे एकेक करून जमवलेले, त्यामुळे एकाची जोड दुसऱ्याला नाही. एकावर निळं फूल, एक लोणच्याच्या बरणीचा धाकटा भाऊ वाटावा असा, एक तर चक्क कारखान्याच्या कँटीनमधला. लग्न होऊन त्या बुऱ्हानपुरात आल्या तेव्हा रुखवतात भांडी सोडून हे वाडगे आले. आमच्या सासूबाईंनी त्यांत दही लावायला घेतलं होतं. नवी सून पहिल्या आठवड्यात काही बोलत नाही, पण शालूताई म्हणाल्या, "सासूबाई, त्यात दही नाही लागायचं, त्यात सा लागतो." सासूबाईंनी वाडगा परत दिला आणि वर्षभर हे सगळ्यांना सांगितलं.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. दुपारी वरून टणटण आवाज यायला लागला की मला एवढंच कळायचं, की शालूताईंचा स्वयंपाक आटोपला. मग एका पावसाळ्यात त्यांना ताप आला. तापातून उठल्या त्या कान घेऊन उठल्याच नाहीत. आधी एक गेला, मग दुसरा. कानात घालायची साधी यंत्रं झाली, काही उपयोग नाही. त्या काळात त्या फार मोठ्याने बोलायच्या आणि मग आमची तोंडं बघून एकदम गप्प व्हायच्या. वाडगे चादरीत बांधून माळ्यावर गेले. मुलगी पूर्वा तेव्हा कॉलेजात होती, तिनेच इंदूरला चौकशी केली आणि ऑपरेशनचं काढलं. कवटीच्या आत एक यंत्र बसवतात, बाहेर कानामागे दुसरं लावतात, आणि बाहेरच्याची गोल चकती आतल्या लोहचुंबकाला डोक्यावर चिकटून राहते. बाहेरचं यंत्र काढलं, की पुन्हा काही नाही. कान नावापुरता. आम्ही सगळे त्याला मशीन म्हणायचो.

मशीन सुरू केलं त्या दिवशी मी इंदूरला बरोबर होते. लोकांना वाटतं, बटण दाबलं की ऐकू येतं आणि सगळे आनंदाने रडतात. शालूताईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि भाऊजींना म्हणाल्या, "तुम्ही असे का बोलून राहिले? डब्यात तोंड घालून?" माणसांचे आवाज माणसांसारखे व्हायला चार-सहा महिने गेले. ते जमलं तसं त्यांनी माळ्यावरून वाडगे काढायला लावले. मी पाणी आणून दिलं. त्यांनी काड्या घेतल्या, डावीकडून उजवीकडे एकेक वाडगा वाजवत गेल्या, मग उजवीकडून डावीकडे. मला नेहमीसारखंच ऐकू आलं. त्यांनी काड्या खाली ठेवल्या. म्हणाल्या, "सगळे एकच आहेत गं. पत्र्यावर गारा पडतात तसे. एकच गार, पुन्हा पुन्हा."

इंदूरच्या मॅडमनी नंतर समजावून सांगितलं. हे मशीन बोलणं ऐकण्यासाठी केलेलं आहे. ठेका चांगला पकडतं, पण सूर उंच की खाली हे सांगताना गोंधळतं. ज्यांनी आधी गाणं ऐकलेलं असतं त्यांना त्याचा जास्त त्रास होतो. शिकता येतं, पण मेहनत आहे. रोज तेच आवाज, दोन-दोन, कुठला वरचा ते ओळखायचं. शालूताईंनी विचारलं, "पहिल्यासारखं होईल?" मॅडम म्हणाल्या, "पहिल्यासारखं नाही होणार. वेगळं काहीतरी होईल." उत्तर मला आवडलं. शालूताईंना नाही आवडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्यांनी मला वर बोलावलं. "तुला गाणं कळत नाही ना? मग तूच बस. ज्यांना कळतं ते तोंड वाईट करतात." पाणी किती भरायचं हा पहिला प्रश्न होता, कारण कानाने सूर लावणं आता शक्यच नव्हतं. मी वेफर्सचा मसाला मापाने करते, तसं मापाचं भांडं घेऊन बसले. पण पूर्वाने फोनवर एक अॅप टाकून दिलं, सूर वाजला की सुई हलते, मधोमध आली की बरोबर. ते मापाहून सोपं होतं. चमच्याने पाणी घालायचं, काडी मारायची, सुई बघायची, जास्त झालं तर चमच्याने काढायचं. मधुकरकाका, म्हणजे त्यांच्या माहेरच्या कॉलनीच्या मंडळात तबला वाजवणारे, एकदा हे बघून म्हणाले, "ताई, हे तर पेट्रोल भरल्यासारखं झालं!" शालूताई म्हणाल्या, "असू द्या. गाडी चालली पाहिजे."

मग रियाज. शालूताई माझ्याकडे पाठ करून बसायच्या. मी दोन वाडगे वाजवायचे, एकामागून एक. दुसरा वरचा असेल तर त्या डाव्या हाताचं बोट वर करायच्या, खालचा असेल तर खाली. उजवा हात मशीनवर असायचा, आवाज कमीजास्त करायला. सुरुवातीला तर पहिला आणि शेवटचा वाडगा वाजवला तरी बोट चुकायचं. मी स्पष्ट सांगायचे, "चूक." गोड बोलून फसवणं मला जमत नाही आणि त्यांना ते नकोच होतं. कधी मला कंटाळा आला की मी मुद्दाम एकच वाडगा दोनदा वाजवायचे. पहिल्यांदा त्या फसल्या. नंतर फसेनात. बोट वर नाही, खाली नाही, सगळा पंजाच चिडून हलवायच्या, माशी हाकलावी तसा, आणि पाठमोऱ्याच म्हणायच्या, "चहाटळपणा पुरे. वाजव नीट."

असं आमचं रोज दुपारी चालायचं. माझी शेड सुटली की मी वर जायचे. दोन वर्षं गेली तेव्हा शेजारशेजारचे वाडगेसुद्धा त्या बऱ्याच वेळा बरोबर सांगायला लागल्या. मी एकदा विचारलं, आता कसं वाटतं ऐकायला? त्या म्हणाल्या, "आठवणीतला आवाज एक आहे आणि कानातला दुसरा. नवरा-बायकोसारखे आहेत दोघं. पटत नाही, पण राहतात एका घरात." भाऊजी तिथेच पेपर वाचत होते. म्हणाले, "हे कोणाबद्दल चाललं आहे?" त्यावर शालूताईंनी हसत हसत मशीनची चकती काढून मांडीवर ठेवली. भाऊजी काही उलट बोलणार असं दिसलं की त्या हेच करायच्या. भाऊजी बोलत राहायचे आणि त्या प्रसन्न चेहऱ्याने बसून राहायच्या.

कॉलनीच्या गणपतीत त्या पुन्हा वाजवायला बसल्या तेव्हा मी पहिल्या रांगेत होते आणि मला घाम फुटला होता. तबला आणि वाडगे एकत्र आले की मशीनमध्ये सगळा काला व्हायचा, म्हणून त्यांनी मधुकरकाकांना सांगितलं होतं, सम आली की मान हलवा. काका म्हणाले, "मी काय नंदीबैल आहे का?" शालूताई म्हणाल्या, "नंदी गप्प असतो हो. तुम्ही निदान तेवढं शिका." त्या संध्याकाळी काका मान हलवत होते आणि त्या वाजवत होत्या. दोनदा चुकल्या. ते त्यांना कळलं, काकांना कळलं, आणि मला सुईशिवाय काही कळत नाही, त्यामुळे मला कळलं नाही. उतरल्यावर त्या म्हणाल्या, "दोनदा चुकले, ते माझं मला ऐकू आलं. सुनंदा, चुकलेलं ऐकू आलं मला!" इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. या वर्षीही त्या वाजवणार होत्या. त्याच तयारीत त्या सकाळी वाडग्यांसमोर बसल्या आणि पडल्या.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा डोक्याचा फोटो काढून झाला होता. मेंदूत रक्त साकळलं होतं, उजवी बाजू गेली होती. भाऊजी बाकावर बसले होते, मांडीवर पॉलिथिनची पिशवी. आत शालूताई डोळे मिटून. शेजारच्या गंगूमावशी माझ्या आधी येऊन पोचल्या होत्या, त्या शालूताईंच्या उजव्या कानाशी वाकून मोठ्याने "राम म्हण बाई, राम म्हण" असं म्हणत होत्या. तरुण डॉक्टर आले, खांदा हलवून ओरडले, "माताजी! आँखें खोलिए! हाथ उठाइए!" काही नाही. दोनदा, तीनदा. मग ते मला म्हणाले, "आवाज़ पर कोई रिस्पॉन्स नहीं है. होश बहुत कम है, समझ लीजिए."

मी शालूताईंच्या डोक्याकडे बघितलं. कानामागे काही नव्हतं. म्हटलं, "मशीन कुठे आहे?" डोक्याचा फोटो काढताना अंगावर धातूचं काही चालत नाही, ते बरोबरच आहे, म्हणून सगळं उतरवून पिशवीत घालून त्यांच्या हातात दिलं होतं. ती पिशवी सकाळपासून त्यांच्या मांडीवर होती. त्यात बांगड्या, मंगळसूत्र, आणि मशीन. सगळे जण एका बहिऱ्या बाईच्या कानात ओरडत होते. ज्यांच्यासमोर ती इतकी वर्षं बहिरी होती तेसुद्धा.

मी डॉक्टरांना सांगितलं. ते चांगले होते, लगेच म्हणाले, "लगाइए, लगाइए." काळ्या पडलेल्या हातांनी मी मशीन कानामागे बसवलं, चकती डोक्याजवळ नेली आणि ती टक् करून चिकटली. हिरवा दिवा लागला. मी म्हटलं, "शालूताई." त्यांनी डोळे उघडले.

गंगूमावशी रडायलाच लागल्या. पण डोळे उघडले तरी पुढे काही होईना. डॉक्टर म्हणाले हात उचला, त्यांनी नुसतं बघितलं. मी म्हटलं पूर्वा निघाली आहे, नुसतं बघितलं. भाऊजींनी नावाने हाक मारली, नुसतं बघितलं. अनोळखी भाषेत कोणी बोलत असावं तसं. डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन सांगितलं, की मार मेंदूच्या बोलण्याच्या जागेवर आहे. आवाज पोचत असेल, शब्द उलगडत नसतील. किंवा आवाजाला नुसते डोळे उघडले असतील आणि आत कोणी नसेल. "अभी कहना मुश्किल है." आत कोणी नसेल... हे ते सहज बोलून गेले.

खाटेशेजारी स्टीलचे दोन पेले होते. मला काही मोठं सुचलं असं नाही. इतकी वर्षं त्यांच्याजवळ बसले की जे करत होते तेच हातांनी केलं. एका पेल्यात पाणी काठोकाठ भरलं, दुसऱ्यात तळाशी थोडं ठेवलं, आणि चमच्याने वाजवले. आधी भरलेला, मग रिकामा. वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. शालूताई छताकडे बघत होत्या. मी पुन्हा वाजवले. चादरीवर त्यांचा डावा हात होता, त्याचं बोट हललं आणि वर झालं.

मी उलट वाजवले. बोट खाली गेलं.

डॉक्टर म्हणाले, "ये क्या है?" मी म्हटलं, "रियाज है डॉक्टरसाहेब. रोजचा." त्यांनी स्वतः चमचा घेऊन वाजवून बघितलं. बोट बरोबर गेलं. मग त्यांनी फाईल उघडून काहीतरी खोडून पुन्हा लिहिलं. मी पूर्वाला फोन लावून सांगितलं की मम्मी शुद्धीत आहे, बोलणं कळत नाही, पण आहे. ती घाटात अडकली होती, ट्रक आडवा झाला होता. "काकी, मी येईपर्यंत थांबव ना तिला! बोल ना तिला, मैं आ रही हूँ!" मी म्हटलं, "ते मला सांगता येत नाही. तू ये." आणि खरंच सांगता येत नव्हतं. पेल्यांनी वरचा की खालचा एवढंच विचारता येत होतं. मुलगी येते आहे, हे दोन पेल्यांनी कसं सांगायचं?

पूर्वा संध्याकाळी पोचली. ती आत आली तीच "मम्मी, मी आली" म्हणत. शालूताईंनी तिच्याकडे बघितलं, तसंच, सगळ्यांकडे बघत होत्या तसं. पूर्वाने माझ्याकडे वळून म्हटलं, "ती मला ओळखत नाही." मी चमचा तिच्या हातात दिला. "काकी, मला नाही येत हे." मी म्हटलं, "त्यात येण्यासारखं काही नाही. वाजव दोन."

तिने वाजवले. बोट हललं नाही. तिने पुन्हा वाजवले, आणखी जोरात. बोट वर नाही, खाली नाही. पूर्वाचा चेहरा पडला आणि मलाही वाटलं, संपलं, मधल्या वेळात काहीतरी झालं. तेवढ्यात शालूताईंचा डावा पंजा चादरीवरून उचलला गेला आणि हलला, माशी हाकलावी तसा. एकदा नाही, दोनदा. कपाळाला आठी.

मी पेल्यांत बघितलं. गंगूमावशींनी दुपारी दोन्ही पेले विसळून दोन्हीत सारखं पाणी भरून ठेवलं होतं. नेटकी बाई आहे. मी पूर्वाला म्हटलं, "तू एकच सूर दोनदा वाजवला. त्या चिडल्या आहेत." पूर्वा हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "मम्मी गुस्सा झाली! काकी, ती माझ्यावर गुस्सा झाली!" तिने एका पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं आणि पुन्हा वाजवलं. बोट वर. मग तिने आईचं ते बोट मुठीत धरून ठेवलं आणि शालूताईंनी ते सोडवून घेतलं नाही. आईला मुलगी आल्याचं कळलं, की कोणीतरी चुकीचं वाजवलं एवढंच कळलं, हे मला सांगता येणार नाही. पूर्वाची खात्री आहे. मी तिची खात्री काढून घ्यायला जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरून डबा घेऊन आले होते. झाकण काढत होते. पूर्वा म्हणाली, "काकी, श्वास बघ ना." डॉक्टर धावत आले, आम्हाला बाहेर काढलं. पुन्हा रक्तस्राव झाला होता. डब्याचं झाकण माझ्या हातातच राहिलं, ते मी घरी येईपर्यंत हातात होतं असं नंतर कोणीतरी सांगितलं.

घरी आणल्यावर गंगूमावशी पुन्हा कानाशी वाकल्या, रामाचं नाव सांगायला. आणि वाकल्या तशा सरळ झाल्या. मला म्हणाल्या, "मशीन लाव गं तिला. काल मी उगाच ओरडत बसली, ऐकू नव्हतं. आज तरी तिच्या कानी पडू दे." कोणी हसलं नाही. कोणी म्हटलं नाही, की मावशी, आता काय. भाऊजींनी दवाखान्यातून परत मिळालेली पिशवी माझ्या हातात दिली. मी मशीन लावलं, चकती डोक्याजवळ नेली आणि ती नेहमीसारखी टक् करून चिकटली. हिरवा दिवा लागला. रोज सकाळी लागायचा तसाच, लुकलुकत. आत काय झालं आहे ते मशीनला कळलंच नव्हतं. मी पुष्कळ मयतं पाहिली आहेत, सासू-सासऱ्यांचं सगळं माझ्या हातांनी केलं आहे. पण त्या हिरव्या दिव्याइतकं भयंकर मी काही पाहिलेलं नाही. मावशींनी सावकाश, स्पष्ट, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं रामाचं नाव सांगितलं. उचलायच्या आधी मी मशीन काढून घेतलं. बॅटरी असते त्यात, आगीत घालायची नसते.

तेराव्याला पाहुणे गेले. पूर्वाला सुट्टी नव्हती, तीही गेली. संध्याकाळी मी वर चहा घेऊन गेले तर भाऊजी म्हणाले, "बस." मी बसल्यावर म्हणाले, "अँब्युलन्समध्ये मी तिला खूप बोललो. गोळ्या घेत नव्हती ना ती प्रेशरच्या. बस स्टँडपर्यंत बोलतच होतो, ऐकत नाहीस, माझं कधी ऐकत नाहीस म्हणून. मग मला भीती वाटली. मग मी... दुसरं बोललो. जे लग्न झाल्यापासून कधी बोललो नव्हतो ते." मग विचारलं, "तेव्हा मशीन होतं का गं तिच्या कानावर?"

पिशवी त्यांना दवाखान्यात मिळाली, म्हणजे मशीन तिथपर्यंत अंगावर होतं. पण पडल्यावर चकती सुटून केसांत लोंबत होती, हे उचलायला आलेल्या शेजाऱ्यांनी मला सांगितलं होतं. म्हणजे ऐकू येत नव्हतं. मी तसंच सांगितलं. "नाही भाऊजी. चकती निघाली होती. काहीच ऐकलं नाही त्यांनी."

"काहीच?"

"काहीच."

"म्हणजे रागावून बोललो तेही नाही?"

"नाही."

"आणि नंतरचं..."

"तेही नाही."

त्यांनी मान हलवली. आधी बरं वाटल्यासारखी, मग तशी नाही. चहा गार झाला. मी कप उचलून खाली आले. खोटं बोलले असते तर कुठलं बोलायचं तेही मला ठरवता आलं नसतं, अर्धंच ऐकू गेलं असं कसं सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडू घेऊन वर गेले. त्या खोलीत तेरा दिवस कोणी शिरलं नव्हतं असं मला वाटत होतं. पण वाडगे भरलेले होते. शालूताई बसल्या तसे, सतरंजीवर, अर्धगोलात. भाऊजी म्हणाले, पाणी कमी होत जातं, म्हणून ते रोज थोडं थोडं घालत होते. ती लावून गेली तसंच राहावं म्हणून. मी वाकून बघितलं तर पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. निळ्या फुलाच्या वाडग्यात तर पुष्कळ. नगर निगमची, म्हणजे पालिकेची माणसं गल्लीत रोज सांगत फिरतात, डेंग्यूचे दिवस आहेत. मी म्हटलं, "हे ओतावं लागेल." ते म्हणाले, "तिने लावलेलं आहे." मी म्हटलं, "त्यांनी लावलेलं केव्हाच गेलं भाऊजी, हे तुम्ही घातलेलं पाणी आहे." बोलून गेल्यावर मला वाटलं जास्त झालं. पण ते उठले आणि एक वाडगा स्वतः उचलून मोरीत ओतला.

आम्ही दोघांनी सगळे वाडगे घासून, पुसून पुन्हा मांडले. मी म्हटलं, आता पालथे ठेवू. ते म्हणाले, "पालथे नको." मग मी फोनवर ते अॅप उघडलं, फोन त्यांच्या हातात दिला, तांब्या आणि चमचा घेऊन बसले. काडी मारायची, ते सुई बघून सांगायचे, "अजून... अजून थोडं... बस, बस, जास्त झालं." मी चमचाभर काढायचे. शेवटच्या वाडग्यापर्यंत तासभर गेला. सगळे बरोबर लागले, निदान सुईने तरी तसं सांगितलं. मला भरता येतं. वाजवता येत नाही.

भाऊजी म्हणाले, "हे रोज बदलायचं का?"

"आठवड्याने," मी म्हटलं. "शुक्रवारी येईन." आणि झाडू मारायचा राहिला होता तो मारून शेडवर गेले.